सदर हात सदर इसमाचाच

माझा डावा हात आळशी आहे, ही गोष्ट मला वयाच्या एक्कावन्नाव्या वर्षी एका दंतवैद्याने सांगितली. हाताचा आणि दाताचा काय संबंध, असं कुणीही विचारेल. पण हे डॉक्टर आमच्या वस्तीच्या वाद्यवृंदाचे प्रमुख आहेत, आणि दिवसभर लोकांच्या दातांवर बारीक दांडीने टकटक करून कुठला दात आतून पोकळ आहे, हे ते नुसत्या आवाजावरून ओळखतात. त्यामुळे त्यांच्या कानाशी वाद घालायची वस्तीत कुणाची छाती नाही. शिवाय वाद घातलाच, तर पुढच्या वेळी त्यांच्या खुर्चीत तोंड उघडून बसायचं आपल्यालाच असतं.

झालं असं, की वाद्यवृंदातला ड्रम वाजवणारा माणूस बदली होऊन गेला आणि ती जागा रिकामी झाली. त्या वाद्यवृंदात माझी मुलगी क्लॅरिनेट वाजवते. पुढच्या वर्षी ती शिकायला दुसऱ्या गावी जाणार, म्हणजे हा वार्षिक कार्यक्रम तिचा इथला शेवटचा. त्या एका कार्यक्रमात तिच्या मागे बसून मला ड्रम वाजवायचा होता. याहून मोठं कारण माझ्याकडे नव्हतं आणि मला त्याची गरजही वाटली नाही. मुलीला मात्र वाटली. तिने मला दोनदा विचारलं, "बाबा, तू नक्की विचार केलायस ना?" आणि दोन्ही वेळा ती उत्तर न ऐकता आत निघून गेली.

मी अगदीच अडाणी नव्हतो. टेबल, स्टीलचा डबा, पुढच्या माणसाच्या खुर्चीची पाठ, यांवर बोटं चालवायची सवय मला होतीच. डॉक्टरांनी हातात दोन काठ्या दिल्या आणि एका आड एक हाताने सरळ ठोके वाजवायला सांगितले. मी जीव ओतून वाजवले. डॉक्टर डोळे मिटून ऐकत होते. मग म्हणाले, "तुमचा उजवा हात बोलतो आणि डावा खोकतो."

त्यांनी मला तीन महिन्यांची मुदत दिली. अट एकच. मुदतीनंतर मी एक मिनिटभर ठोके वाजवायचे आणि त्यांनी डोळे मिटून ऐकायचे. कुठले ठोके उजव्या हाताचे आणि कुठले डाव्याचे हे त्यांना ओळखता आलं, तर ड्रम विसरून मी ट्रँगल घ्यायचा. आता ट्रँगल, म्हणजे वाकवलेल्या सळईचा त्रिकोण, आमच्या कार्यक्रमात एकूण चार वेळा वाजतो. उरलेला सगळा वेळ तो हातात धरलेला माणूस फोटोग्राफरची आपल्यावर नजर पडेल या आशेने उभा असतो. सव्वीस वर्षं सरकारी नोकरी केलेल्या माणसाने निवृत्तीआधी हे दिवस पाहावेत, हे मला मान्य नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मी सरावाची रबरी चकती आणली. सोबत ठरलेल्या गतीने टिक-टिक करणारं यंत्र आणलं, त्याला मुलीने टिकटिक्या असं नाव ठेवलं. डॉक्टरांची शिकवण मोजकी होती. काठी अंगठा आणि पहिलं बोट यांच्यात हलकी धरायची, आवळायची नाही. ठोका मारून काठी आपटायची नाही, तिला उसळू द्यायचं, बाकीच्या बोटांनी फक्त झेलायचं. आणि वेग मागायचा नाही, सारखेपणा मागायचा. वेग त्याच्या मागून येतो. मिनिटाला चाळीस टिका, प्रत्येक टिकेत चार ठोके. सारखे पडले तर दोन टिका वाढवायच्या, बिघडले तर चार कमी करायच्या. या हिशेबाने पहिल्या आठवड्याच्या शेवटी मी चाळीसवरून छत्तीसवर पोचलो होतो.

बायको शाळेत गणित शिकवते आणि संध्याकाळी त्याच टेबलावर वह्या तपासते. चार दिवस ती काही बोलली नाही. पाचव्या दिवशी तिने एक वही माझ्यापुढे धरली. टिकटिक्याच्या प्रत्येक टिकेला तिच्या लाल पेनाने एक बरोबरची खूण केली होती, आणि त्या भरात सात नव्वे चोपन्न हेही बरोबर ठरलं होतं. "अहो, मला तुमच्या वाजवण्याचा त्रास नाही," ती म्हणाली, "पण नापास व्हायची ती निम्मी मुलं माझ्यामुळे पास होताहेत." मी चकती झोपायच्या खोलीत हलवली.

झोपायच्या खोलीच्या बरोबर खाली मोजणीदार काका राहतात. जमीन मोजणीच्या खात्यातून निवृत्त झालेला माणूस, एकटाच राहतो, आणि इमारतीतल्या कुठल्या पायरीची उंची किती कमी आहे हे त्यांना तोंडपाठ आहे. दुसऱ्याच दिवशी ते मालिशच्या तेलाची बाटली घेऊन दारात उभे. मी म्हटलं, आता आवाजावरून भांडण होणार. काका हळूच म्हणाले, "घरात कुणाचा पाय दुखावलाय का? दोन दिवस ऐकतोय. एक पाऊल जोरात पडतं, एक हलकं. लंगडतंय कुणीतरी."

मी खुलासा केला. काकांना तो पटला नाही, पण त्यांनी बाटली ठेवून घ्यायला लावली. दर तीन-चार दिवसांनी जिन्यात भेटून ते विचारायचे, "कसंय पायाचं?" आणि मी शरमेने सांगायचो, की अजून तसंच आहे. माझ्या तीन महिन्यांच्या अपमानाची ही फक्त सुरुवात होती.

इमारतीत बातमी पसरायला वेळ लागत नाही. तिसऱ्या मजल्यावरच्या व्यायामशिक्षकांनी सल्ला दिला, की डाव्या हाताला दिवसभर कामाला लावा. कोपऱ्यावरच्या शिंप्याने सांगितलं, की उशीवर वाजवा, उशीवर काठी उसळत नाही, सगळं मनगटाने उचलावं लागतं. हा सल्ला खरोखरच उत्तम होता, फक्त त्याने उशी कुणाची घ्यावी हे सांगितलं नाही, आणि मी बायकोची घेतली. समोरच्या बाई म्हणाल्या, त्यांचा भाचा दोन्ही हातांनी लिहितो. हा भाचा काय करतो हे विचारल्यावर त्यांनी दुधाच्या भावाचा विषय काढला. मी सगळ्यांचे सल्ले एकदम अमलात आणले. डाव्या हाताने दात घासले, कुलूप उघडलं, शर्टाची बटणं लावली. डाव्या हाताने दाढी केली त्या दिवशी ऑफिसात तिघांनी मला घरी सगळं ठीक आहे ना, असं खाजगीत विचारलं.

आता ऑफिसचं सांगितलं पाहिजे. मी नकला विभागात आहे. लोकांच्या कागदांच्या नकला मूळ कागदाशी ताडून पाहायच्या आणि त्यावर 'खरी नक्कल' असा गोल शिक्का मारायचा, हे माझं काम. दिवसाला साधारण चारशे शिक्के. सव्वीस वर्षं हे चारशे शिक्के माझ्या उजव्या हाताने मारले, आणि तेवढी वर्षं डावा हात कागद धरून नुसता बघत बसला. मला एकदम उमगलं, की याच्या आळसाचं मूळ इथे आहे. त्याच दिवसापासून मी डाव्या हाताने शिक्के मारायला सुरुवात केली, तेही मनातल्या टिकटिक्याच्या तालात. माझ्या आयुष्यात ऑफिसला जायची घाई मला प्रथमच होऊ लागली.

डाव्या हाताचा शिक्का थोडा तिरका बसायचा. 'खरी' ठळक उठायचं आणि 'नक्कल' फिकं पडायचं. दहा दिवसांनी दुसऱ्या एका खात्याने आमच्या एकवीस नकला परत पाठवल्या, सोबत शेरा: शिक्का संशयास्पद वाटतो. साहेबांनी मला बोलावलं. साहेब स्वभावाने वाईट नाहीत, पण ते छत्री उघडण्यापूर्वीही मागची फाईल पाहतील अशा जातीचे आहेत. मी सगळं खरं सांगितलं, ड्रमसकट. त्यांनी नियमांची दोन पुस्तकं चाळली. शिक्का डाव्या हाताने मारू नये असा नियम कुठे नव्हता, मारावा असाही नव्हता. अशा वेळी साहेब जे करतात तेच त्यांनी केलं, म्हणजे प्रकरण वर पाठवलं.

वरून दोन प्रश्न आले. एक, सदर डावा हात हा शिक्क्याचे अधिकार असलेल्या कर्मचाऱ्याचाच आहे काय? दोन, असल्यास तसा वैद्यकीय दाखला का जोडला नाही? मी सरकारी डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी कागद वाचला, चष्मा काढला, पुन्हा लावला, आणि माझा हात खांद्यापर्यंत नीट तपासला. मला वाटलं ते हसतील, पण त्यांच्याही नोकरीची बरीच वर्षं झाली असावीत. त्यांनी गंभीरपणे लिहिलं: 'तपासणीअंती, सदर हात सदर इसमाचाच असल्याचे आढळून आले.' खाली सही केली आणि शिक्का मारला. शिक्का त्यांनी उजव्या हाताने मारला, मी बघत होतो.

मग डाव्या हाताच्या शिक्क्याचे तीस नमुने माझ्याकडून घेतले गेले आणि आदेश निघाला. दोन हातांचे दोन नमुने एकाच वेळी चालू राहिल्यास संभ्रम निर्माण होईल. सबब उजव्या हाताचा नमुना रद्द करण्यात येत आहे, आणि पुढील आदेशापर्यंत सदर कर्मचाऱ्याने डाव्या हातानेच शिक्का मारावा. साहेबांनी आदेश जरा दबकतच माझ्या हातात दिला. मला मात्र आनंद गगनात मावेना. माझ्या सरावाची जबाबदारी आता खुद्द सरकारने उचलली होती. उजव्या हाताला मी मोठ्या मनाने विश्रांती दिली. तो दिवसभर माझ्या मांडीवर पडून असायचा.

त्यानंतरच्या सहा आठवड्यांत टिकटिक्या चाळीसवरून साठवर, साठवरून ऐंशीवर आणि शेवटी शंभरवर गेला. सोपं नव्हतं ते. मनगट सुजायचं, बोटांना घट्टे पडले, दोनदा सगळं बिघडून वीस टिका खाली उतरावं लागलं. पण रोज ऑफिसातून आल्यावर तासभर, रविवारी दोन तास, यात एकही खाडा झाला नाही. पाहुणे आले तरी मी त्यांना नमस्कार करून उशी घेऊन वाजवायला बसायचो. मुलगी सुरुवातीला दार लावून घ्यायची. पुढे तिचं दार अर्धवट उघडं राहायला लागलं, आणि एकदा तर आतून तिने माझ्या ठोक्यांवर क्लॅरिनेटची ओळ धरली. दोन मिनिटंच. पण त्या दिवशी मला जेवण गेलं नाही, इतका आनंद झाला होता.

मोजणीदार काकांनीही पायाची चौकशी करायचं थांबवलं होतं. परीक्षेच्या आदल्या आठवड्यात मात्र ते पुन्हा जिन्यात भेटले. "परत सुरू झालं का हो?" ते म्हणाले. "या वेळी दुसरा पाय वाटतोय." मी हसून त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. वय झालं की कान दगा देतात, असं मी घरी येऊन बायकोला सांगितलं. ती म्हणाली, काकांनी मोजलेली जमीन आजवर कुणी पुन्हा मोजलेली नाही. मी तिचं बोलणं मनावर घेतलं नाही.

परीक्षा वस्तीच्या सभागृहात झाली. सगळा वाद्यवृंद अर्धवर्तुळात बसला होता, मुलगी दुसऱ्या रांगेत. माझी बायको आणि काका मागच्या बाकावर. डॉक्टरांनी खुर्ची घेतली, डोळे मिटले आणि म्हणाले, की हव्या त्या हाताने सुरुवात करा, मला सांगू नका. मी डाव्याने सुरुवात केली. सहा आठवडे शासकीय आदेशाने घडवलेला हात होता तो. त्याला पहिला मान देणं मला योग्य वाटलं. टिकटिक्या शंभरावर, मिनिटभर, चारशे ठोके. एकही चुकला नाही. थांबलो तेव्हा माझा शर्ट पाठीला चिकटला होता.

डॉक्टरांनी डोळे न उघडता सांगितलं, "पहिला आणि तिसरा ठोका भरीव. तो तुमचा उजवा. दुसरा आणि चौथा पोकळ, तो डावा. मेहनत दिसते, पण ट्रँगल घ्या."

मी डाव्याने सुरुवात केली हे वीस माणसांनी उघड्या डोळ्यांनी पाहिलं होतं, पण डॉक्टरांना चूक म्हणणार कोण? त्यांनी चुकीचा दात काढल्याचं आजवर ऐकिवात नव्हतं. मग मी मुलीकडे पाहिलं. ती क्लॅरिनेटच्या कळांकडे बघत बसली होती, आणि तिचा चेहरा असा होता, की मी एकदम उभा राहिलो.

"डॉक्टर, मी डाव्यानं सुरू केलं," मी म्हणालो. "भरीव तो डावा आहे. पोकळ तो उजवा. आपल्याला ओळखता आलं नाही, तेव्हा नियमाप्रमाणे ड्रम माझा."

डॉक्टरांनी डोळे उघडले. मला पुन्हा दहा ठोके वाजवायला लावले आणि या वेळी हातांकडे बघत राहिले. मग बराच वेळ चष्मा पुसला. शेवटी म्हणाले, "नियम माझाच होता. ड्रम तुमचा. पण तुमचा उजवा आतून पोकळ झालाय, तो दोन आठवड्यांत भरून काढा." लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी मान लववून त्या स्वीकारल्या आणि त्यातली एकही मला लागू पडली नाही.

घरी येताना मला स्वतःचीच लाज वाटत होती. नियमाच्या कलमावर बोट ठेवून जिंकणं मी सव्वीस वर्षं रोज बघतो. तेच करून मी माझ्या मुलीच्या मागची खुर्ची मिळवली होती. कोपऱ्यावर आल्यावर ती म्हणाली, "बाबा, तू उठून बोललास ते मला आवडलं." आणि लगेच, "पण मला पुढे बसून तोच ताल धरून वाजवायचंय. तो लंगडता नको." मी म्हटलं, नसेल.

सोमवारी मी ऑफिसात अर्ज दिला, की मला पुन्हा उजव्या हाताने शिक्के मारायची परवानगी मिळावी. साहेबांनी माझ्याकडे फार दुःखी नजरेने पाहिलं. उजव्या हाताचा नमुना रद्द झाला होता, म्हणजे आता तो हात कागदोपत्री नवीन होता. त्यासाठी स्वतंत्र दाखला हवा, आणि त्यात एक जास्तीचा रकाना: पूर्वीचा उजवा हात व प्रस्तावित उजवा हात एकच आहे काय? सरकारी डॉक्टर तीन आठवडे रजेवर होते. मी अर्ज तिथेच ठेवला, डाव्या हाताने चारशे शिक्के मारले आणि घरी आलो.

जिन्यातच काकांचं दार वाजवलं. त्यांना सांगितलं, की तुमचा कान बरोबर होता, पाय खरोखरच दुसरा होता, आणि मला तुमची मदत हवी आहे. काकांनी बसायला खुर्ची दिली, मग तिची जागा मोजून थोडी सरकवली, आणि सगळं ऐकून घेतलं. ठरलं असं: मी रोज संध्याकाळी वर वाजवायचं, आणि खाली ऐकून काकांना लंगडल्यासारखं वाटलं, की त्यांनी काठीने छताला एकदा ठोकायचं.

पहिल्या संध्याकाळी त्यांनी एकेचाळीस वेळा ठोकलं. बायकोने दाराला खुणा करून हिशेब ठेवला. मी पुन्हा चाळीस टिकांवर उतरलो. उजव्याला उशीवर बसवला, काठी आवळायची त्याची जुनी खोड पुन्हा वर आली ती मोडली, डाव्याला त्याच्याशी जुळवून घ्यायला लावलं. डाव्याला हे आवडलं नाही. त्याच्या नावाचा शासकीय दाखला होता. पन्नास टिकांना काकांचे सत्तावीस ठोके, साठला तीस, ऐंशीला पुन्हा चाळीस. एकदा मी रागाने खाली जाऊन विचारलं, की हा शेवटचा ठोका कशासाठी. काका शांतपणे म्हणाले, "उजवं पाऊल उशिरा पडलं." आणि खरंच पडलं होतं. मी वर येऊन पुन्हा सुरू केलं.

कार्यक्रमाच्या दिवशी दुपारी मी शेवटचा सराव करायला बसलो. टिकटिक्या शंभरावर. मी सलग वाजवत होतो, मोजायचं सोडून दिलं होतं. पाऊण तास झाला असेल. दारावरची घंटा वाजली. बायकोने दार उघडलं तर काका, हातात काठी, चेहरा काळजीत.

"बरं नाही का ह्यांना?" ते विचारत होते. "मी केव्हाचा ऐकत बसलोय, एखादं यंत्र चालल्यासारखं येतंय, पण आज वर कुणी चालतच नाही."

मी काठ्या घेऊन बाहेर आलो. सांगितलं, की पाऊण तास वाजवतोय. काकांनी माझ्याकडे पाहिलं, मग छताऐवजी जमिनीकडे. "असं होय," एवढंच म्हणाले. मुलगी क्लॅरिनेटची पेटी घेऊन दारात उभी होती, बायको घराच्या किल्ल्या शोधत होती. काका जायला वळले आणि थांबले. तेलाची बाटली आता लागत नसेल तर परत द्या, त्यांचा गुडघा हल्ली कुरकुरतो, असं म्हणाले. मी आतून बाटली आणून त्यांना दिली. कुठल्या हाताने दिली ते मला आठवत नाही.